उशिरा पोहोचणारी झील

शहराबाहेरच्या रस्त्यावर लाकडी टपऱ्या उभ्या राहिल्या की इथला शतावरीचा मोसम सुरू झाला असं समजायचं. पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड कांड्या. इथले लोक त्यांना श्पार्गेल म्हणतात आणि वर्षभर त्यांची वाट बघतात. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला येऊन मला दहा वर्षं झाली, पण या भाजीचं एवढं कौतुक कशासाठी हे मला अजून कळलेलं नाही. सोलायची, उकडायची, वर लोण्याचं सार ओतायचं आणि डोळे मिटून खायची. बाबांना मी एकदा फोनवर कृती सांगितली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् तिखट?" तिखट नसतं म्हटल्यावर म्हणाले, "मीठ तरी टाकतेत काय बाप्पा?" मी हसले, तेही हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. तो खोकला बराच वेळ चालला.

आता टपऱ्या दिसल्या की मला भाजी आठवत नाही, तो खोकला आठवतो. चार वर्षांपूर्वीचा एप्रिल आणि मे आठवतो. मोहरीसारखी पिवळी शेतं तेव्हाही अशीच होती, चेस्टनटच्या झाडांवर फुलांचे पांढरे तुरे असेच उभे होते, आणि मी रोज सकाळी इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी उभी राहून गात होते.

आमचं गाव वर्ध्याकडचं. बाबांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलची जयंती तशी एका दिवसाची, पण पार्टीसाठी ती महिनाभर चालायची. सगळ्यांनीच एका दिवशी साजरी केली तर गायला कोण येणार, म्हणून गावं आपापसात दिवस वाटून घ्यायची. एका गावाची जयंती झाली की दोन दिवसांनी पलीकडच्या गावाची. वैशाखातल्या पौर्णिमेपर्यंत हे चालायचं. एप्रिलच्या उन्हात आम्ही मेटॅडोरच्या मागच्या भागात पेटी, ढोलक आणि सतरंज्यांच्या मधे बसून हिंडायचो. गाणी बाबांचीच असत. शाळेत शिपाई होते ते, आणि शाळेच्या रद्दीतल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर त्यांनी सत्तर-ऐंशी गाणी लिहिली होती. सगळ्यात जास्त फर्माईश असायची विहिरीच्या गाण्याला. आमच्या आजीच्या पिढीला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, ते पुढे कसं मिळालं, त्याची ती गोष्ट. "आपल्या हातानं पाणी काढलं, आपल्या हातानं प्यालो." एवढंच धृपद. कागदावर ते साधं दिसतं, पण बाबा "प्यालो" म्हणायचे तेव्हा मंडपात बसलेल्या म्हाताऱ्या बायका पदर तोंडाशी न्यायच्या.

मी नऊ वर्षांची असताना झीलेला उभी राहिले. पुढचा गायक ओळ संपवतो तेव्हा त्याच्या छातीतली हवा संपलेली असते. मागचे तेवढ्यात ओळीचं शेपूट उचलतात, वर नेतात, धरून ठेवतात. त्या वेळात पुढचा गायक श्वास घेतो. ही झील. ऐकणाऱ्याला वाटतं ती शोभेला आहे. बाबा म्हणायचे, ती पुढच्याला जिवंत ठेवायला आहे. झील क्षणभर आधी आली तर पुढच्याचे शब्द कापले जातात, उशिरा आली तर मधे भोक पडतं आणि गाणं त्या भोकातून गळून जातं. बाबांची पाठ बघून मला कळायचं की आता त्यांचा दम संपत आला. सदऱ्याच्या आत खांद्यांची हाडं जराशी वर यायची. मी कित्येक वर्षं त्यांचा चेहरा न बघता त्यांच्याबरोबर गायले.

सतराव्या वर्षी त्यांनी मला पुढे घेतलं. त्या दिवशी एक नियमही सांगितला. आवाज बसला तरी चालतो, शब्द विसरले तरी चालतात, माणसं सांभाळून घेतात. पण पुढे उभं राहणाऱ्याची लय सुटली तर त्यानं आपणहून मागे जाऊन बसायचं. कुणी सांगायची वाट बघायची नाही. हा नियम ते स्वतःलाही लावायचे. ज्या वर्षी दम्यानं त्यांच्या ओळी अर्ध्यावर तुटायला लागल्या, त्या वर्षी त्यांनी पार्टीची पेटी रामाकाकांच्या घरी नेऊन ठेवली आणि परत आले. रामाकाका म्हणजे त्यांचे चाळीस वर्षांचे पेटीवाले.

तोवर मी इकडे होते आणि माझंही गाणं थांबलेलं होतं. प्रशांत इथल्या एका संशोधन संस्थेत लागला, लग्न करून मी आले, आणि वर्षाच्या आत ओजस सातव्याच महिन्यात जन्माला आला. फुप्फुसं पुरती तयार नव्हती. पहिली दोन वर्षं हॉस्पिटल आणि घर, घर आणि हॉस्पिटल. त्याला जरा मोठा आवाज झाला तरी दचकून श्वास अडायचा, ओठ निळे पडायचे. त्यामुळे घरात आम्ही दोघंही कुजबुजत बोलायला शिकलो. अंगाईसुद्धा मी ओठातल्या ओठात म्हणायची. माझा गळा कसला, तर माइक नसलेल्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. तो मी घडी घालून ठेवला. कुणी मला गाऊ नको म्हटलं नव्हतं, मीच ठेवला. मला त्याचं दुःख करायलाही वेळ नव्हता.

ओजस पाच वर्षांचा झाला, किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागला, आणि एका सकाळी भांडी घासताना मी सहज आवाज सोडला. बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लोरेन्झ काळजीनं विचारायला आल्या होत्या, "इस्ट आलेस इन ऑर्डनुंग?" सगळं ठीक आहे ना. मी गात होते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आख झो," म्हणजे असं होय, आणि बिचाऱ्या पायऱ्या उतरून गेल्या. संध्याकाळी ओजसला मुद्दाम दोन ओळी गाऊन दाखवल्या तर त्यानं कानांवर हात ठेवले. "मामा, लाइझर." आई, हळू. तो मराठीतलं सगळं समजतो आणि उत्तर जर्मनमधून देतो. मी लगेच हळू झाले. ती सवय इतकी हाडात गेली होती.

त्याच वसंतात गजभिये दादांचा फोन आला. ते नागपूरचे, त्सुफेनहाउझेनला राहतात, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. इथली जयंती आपल्या सोयीनं होत नाही, हॉल मिळेल त्या शनिवारी होते. त्या वर्षी जूनमधला शनिवार मिळाला होता. "ताई, तुमच्या बाबांची पार्टी मी लहानपणी ऐकलीय," ते म्हणाले. "मी ढोलक घेतो. तुम्ही विहिरीचं गाणं म्हणा. आल्झो, तर मग, नाही म्हणू नका." मी विचार करून सांगते म्हटलं आणि सगळ्यात आधी बाबांना फोन केला.

बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "रोज किती वाजता बसशीन?"

दादाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, नवा फोन आला होता आणि गावात नेट चालायला लागलं होतं. मी सकाळी ओजसला किटात सोडून नऊला परत यायची, लॅपटॉप घेऊन तळघरात जायची. तिथे फ्राउ लोरेन्झना त्रास नव्हता. वायफायची एक काडी कशीबशी यायची. तिकडे साडेबारा वाजलेले असायचे. दादा बाबांना उशीला टेकवून बसवायचा आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा. बाबांना आता गाता येत नव्हतं. त्यांनी खंजिरी हातात घ्यायची, ठेका धरायचा, आणि मी गायचं. तिकडे बापाला दम पुरत नव्हता, इकडे पोराला पुरत नव्हता, आणि मधे माझा धडधाकट गळा पाच वर्षं रिकामा बसलेला. मला तेव्हा शरमच वाटली होती.

पहिल्या आठवड्यात आवाज फाटला. दुसऱ्या आठवड्यात जरा उघडला. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी "प्यालो" असं काही लागलं की बाबांनी खंजिरी मांडीवर ठेवली आणि दादाला म्हणाले, "आयकलं काय?" ते वाक्य मी दिवसभर मनात घोळवत होते. बाजारात कोबी निवडतानाही.

पण ठेक्याचं काहीतरी बिघडत होतं. सुरुवात ठीक व्हायची. दुसऱ्या कडव्यापर्यंत खंजिरी संथ व्हायची. तिसऱ्या कडव्यात इतकी संथ, की दोन थापांमध्ये मला यंत्रातलं पाणी फिरल्याचं ऐकू यायचं. मला वाटायचं, थकले. हात चालत नाहीयेत. मी काही बोलायची नाही. माझ्या ओळी लांबवायची, शेवटाला जरा थांबायची, त्यांची थाप आली की पुढची ओळ उचलायची. आजारी माणसाला धाप लागू नये म्हणून आपण जिन्यावर जसे मुद्दाम सावकाश चढतो, तसं. मला वाटलं मी मुलगी म्हणून शहाणपणानं वागतेय. दुसऱ्या दिवशी ते आणखी संथ व्हायचे आणि मी त्यांच्यासाठी आणखी थांबायची. एप्रिल संपेपर्यंत ते धावतं गाणं अंत्ययात्रेच्या चालीनं चालायला लागलं होतं.

मेच्या पहिल्या गुरुवारी बाबांनी मधेच खंजिरी थांबवली. चेहरा पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

"बाई, तू मांगं राहून राहिली."

"मी?"

"किती दिवसापासून पाहून राहिलो. मी थांबतो, तू येतच नाहीस. अखीन थांबतो, अखीन मांगं." त्यांनी श्वास घेतला. "लय सुटली तुही. होते असं. इतके वर्स गाणं नसलं का होते. पोराकडं पाह आता. गाणं राहू दे."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते. मी म्हटलं, "बरं बाबा." लॅपटॉप मिटला आणि यंत्रातले कपडे बाहेर काढले. बाबांचा नियम मला माहीत होता. मला राग फक्त याचा आला, की त्यांचा हात थकला म्हणून मी त्यांना सांभाळून घेत होते आणि ठपका माझ्यावर आला. हा रागही मी गिळला. मरणाला टेकलेल्या बापाशी हिशेब काय करायचा?

शनिवारी गजभिये दादांकडे तालीम ठरलेली होती. नाही म्हणून सांगायलाच मी गेले. ते म्हणाले, आलाच आहात तर एकदा म्हणा, मग बघू. त्यांच्या बैठकीत, सोफा भिंतीला लावून, मी म्हटलं. दोन कडव्यांनंतर त्यांनी ढोलकावर हात सपाट ठेवला.

"ताई, ओळ संपली की तुम्ही कोणाची वाट बघता?"

"बाबांची," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं. मग सगळं सांगितलं. तळघर, खंजिरी, त्यांचं थकत जाणं, गुरुवारचं बोलणं.

गजभिये दादा हसायला लागले आणि माझा चेहरा बघून थांबले. "अहो ताई, फोनवर ठेका धरता येतच नाही. आमच्या मीटिंगमध्ये बघा, मी इथून जोक सांगतो, पुण्याचे लोक सेकंदानं हसतात. जोक वाईट नसतो, हसूच उशिरा येतं. गेनाऊ, अगदी तसंच. त्यांची थाप तुमच्यापर्यंत उशिरा येते. तुम्ही तिच्यावर बरोब्बर गाता. पण ते परत तिकडे पोहोचेपर्यंत अजून उशीर. त्यांना वाटतं तुम्ही मागे पडलात, म्हणून ते थांबतात. तुम्हाला वाटतं ते थकले, म्हणून तुम्ही थांबता." त्यांनी ढोलकाची दोरी उगाच घट्ट केली. "दोघांपैकी कोणाचीच लय सुटलेली नाही."

मी त्या सोफ्यावर बसून रडले. आनंदानं रडले हे सांगायला हवं, कारण नंतरच्या रडण्यात तो आनंद हरवून जातो. माझी लय शाबूत होती, बाबांचे हातही शाबूत होते. आम्ही दोघं महिनाभर एकमेकांसाठी थांबत होतो, इतकंच. किती साधी गोष्ट. घरात एक संशोधक नवरा होता, त्याला विचारलं असतं तर त्यानं चहा पितापिता सांगितलं असतं. पण नवऱ्याला काय विचारायचं की माझे बाबा थकत चाललेत का? असल्या गोष्टी आपण विचारत नाही, आपण ठरवून टाकतो.

तिथूनच गावी दादाला फोन लावला. तो म्हणाला, बाबा आत्ताच झोपलेत, रात्रभर बसून काढली त्यांनी, उठवू का? मी म्हटलं, नको उठवू, उद्या बोलते. हे दोन शब्द माझे आहेत. "नको उठवू." रविवारी त्यांना नागपूरला हलवलं. तोंडावर मास्क होता. दादानं फोन त्यांच्या कानाशी धरला आणि मी ओरडून ओरडून सांगितलं, बाबा, माझी लय सुटलेली नाही, आवाज उशिरा पोहोचतो तुमच्याकडे. दादा म्हणाला, डोळे मिटलेलेच आहेत, ऐकू जातंय की नाही कळत नाही. बुधवारी ते गेले.

मी गेले नाही. त्याच सोमवारी ओजसला न्यूमोनियानं हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. प्रशांत म्हणाला, "तू जा, मी आहे ना इथे." तो मनापासून म्हणाला होता. मी ओजसच्या नाकाला लावलेल्या नळीकडे बघितलं आणि म्हटलं, नाही. लोक समजूत घालतात की तुझा नाइलाज होता. नाइलाज नव्हता. तिकीट मिळत होतं. मी पोराकडे पाहिलं, जसं बाबांनी सांगितलं होतं तसं. त्यांची मी पाळलेली शेवटची गोष्ट ती. मला अजून तिचा अभिमान वाटत नाही.

जूनमध्ये कार्यक्रम झाला. मी गायले. रेगेन्सबर्गहून, फ्रँकफर्टहून माणसं आली होती, आणि विहिरीच्या गाण्याला पुण्याच्या आयटीतल्या मुलांनीही टाळ्यांचा ठेका धरला. ओजस पहिल्या रांगेत प्रशांतच्या मांडीवर होता आणि त्यानं कानांवर हात ठेवले नाहीत. तेव्हापासून मी गातेय. दरवर्षी बोलावणी येतात. बाबांच्या वह्या दादानं पाठवल्या आहेत, त्यातली तीस-एक गाणी मी बसवली आहेत. गाणं परत आलं असं म्हणतात लोक, आणि ते खरंच आहे, मी खोटं कशाला बोलू? पण गाऊन झाल्यावर लोक भेटायला येतात, "लय काय पक्की आहे हो तुमची" म्हणतात, तेव्हा मी पाणी पिण्याचं निमित्त करते. ज्यानं हे म्हणायला हवं होतं, तो उलटं मनात घेऊन गेला.

आणि दरवर्षी टपऱ्या लागल्या की मला कार्यक्रम आठवत नाही. त्याच्याआधीचा, मेमधला रविवार आठवतो. बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा. हॉस्पिटलातून मी आंघोळीला आणि ओजसचे धुतलेले कपडे घ्यायला घरी आले होते. सकाळचे साडेसात. तिकडे अकरा वाजलेले, अंगणात मंडप, वंदना होऊन गेलेली. दादानं फोन लावला आणि खुर्चीवर उभा ठेवला. पार्टीतली उरलीसुरली म्हातारी मंडळी जमली होती. रामाकाका पेटी घेऊन बसले होते. ते फोनजवळ वाकले. नाक आणि चष्मा तेवढा दिसला.

"बाई, विहिरीचं म्हणतो आता. तुह्या बापाचं." मग आवाज उतरवून म्हणाले, "तू आयक फक्त. तुहे बाबा सांगत होते मले, तुही लय सुटली म्हणून. काही हरकत नाही. आयकलं तरी पोचते त्याइले."

मी सांगू शकले असते. तिथे पन्नास माणसं बसली होती, कुणाला सेकंद आणि उशीर समजावून सांगणार? मी म्हटलं, "हो काका." त्यांनी पहिली ओळ घेतली. रामाकाकांचा गळा म्हातारा झालाय, "काढलं" वरच त्यांची हवा संपायला लागली, आणि मागून झील आली नाही, कारण झीलेला आता कुणी उरलेलं नव्हतं.

मी गायले असते तर माझा आवाज तिथे उशिरा पोहोचला असता. काकांचा ठेका मोडला असता आणि मंडपातल्या प्रत्येकानं मान हलवली असती, की हो, सुटली खरी पोरीची. म्हणून मी आधी माइकचं बटण बंद केलं. मग स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, ओट्याला पाठ टेकली आणि पूर्ण गळ्यानं झील उचलली. पाचही कडव्यांना. काकांनी श्वास घेईपर्यंत प्रत्येक ओळ वर धरून ठेवली. तिकडे कुणालाच काही ऐकू गेलं नाही.

गाणं संपलं तेव्हा दादा फोनजवळ आला. त्याचे डोळे सुजलेले होते. "तुझी लाइन कट झाली होती का?" त्यानं विचारलं. "काहीच आवाज नव्हता तुझा."

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "नाही रे, ऐकत होते." एकदाही मागे पडले नव्हते.